कंबर चौतीस

टेलरबाईंनी बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला एकच खोटं सांगितलं होतं, पण ते त्या दर दोन वर्षांनी नव्यानं शिवून देत होत्या.

नवरा बस चालवायचा. डेपोतून गणवेशाचं निळं कापड मिळायचं, आणि टेलरबाई पुढच्या खोलीत खिडकीशी ठेवलेल्या मशीनवर त्याची पॅन्ट शिवायच्या. कंबरपट्टीच्या आत बोटभर पांढरी फीत, आणि तिच्यावर लाल दोऱ्यानं काढलेला आकडा: चौतीस. लग्नाच्या वर्षी तो आकडा अगदी खरा होता. मग लेक झाली, आणि बाळंतिणीसाठी केलेलं खाणंपिणं बाळंतिणीपेक्षा बापालाच जास्त मानवलं. डेपोत कुणीतरी विचारलं, "बाळंतपण नक्की कोणाचं झालं रे?" त्या दिवशी हा माणूस घरी येऊन न जेवता भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. टेलरबाईंना ते बघवेना. पुढची पॅन्ट त्यांनी छत्तीसची शिवली आणि आत लिहिलं चौतीस. एवढ्या एका खेपेपुरतंच, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं.

अशा गोष्टी एका खेपेत थांबत्या तर काय हवं होतं! छत्तीसची अडतीस झाली, अडतीसची चाळीस. मधल्या काळात पॅन्ट आवळायला लागली की तो ड्युटीवर गेलेला बघून टेलरबाई दुपारी मागची शिवण उसवायच्या आणि आत राखून ठेवलेली माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड, थोडी बाहेर काढायच्या. इतर शिंपी दोन बोटं माया ठेवत. या चार बोटं ठेवत. माप घेताना टेप त्यांच्याच हातात, त्यामुळे आकडाही त्यांच्याच तोंडून यायचा. नवरा बिचारा छाती पुढे काढून छताकडे बघत उभा राहायचा.

"किती?"

"चौतीस."

"बघ! आमच्या डेपोतले एकेक कसे सुटलेत. माझं पोट जरा पुढं दिसतं, पण ते बसून बसून. स्टिअरिंगवाल्यांचं असतंच."

"माझा लेक मुळातच हाडानं दणकट," सासूबाई आतून म्हणायच्या, आणि त्याच्या ताटात आणखी एक डाव भात पडायचा.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि एका वर्षी डेपोच्या वार्षिक तपासणीत गाडी अडली. रक्तदाब वर, साखर त्याच्याही वर. हातात कागद आला: सोळा आठवड्यांनी फेरतपासणी, आणि सुधारणा नसेल तर गाडीवरून उतरवून डेपोतच बसकं काम. बसकं काम म्हणजे हरवलेल्या वस्तूंची खोली. लोक बसमध्ये विसरतात त्या छत्र्या, जेवणाचे डबे आणि एकेकटे हातमोजे. त्यांना चिठ्ठ्या लावून मांडणीवर ठेवायचं.

"मी छत्र्यांना चिठ्ठ्या लावू?" तो म्हणाला. "शाळेजवळचं ते वळण, जिथं बाकीचे दोनदा मागं घेतात, तिथं मी एका झटक्यात गाडी वळवतो. आणि मी छत्र्या मोजू?" बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला. टेलरबाईंनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. हा माणूस गाडीवरून उतरला तर नुसता नोकरीतून उतरणार नाही, एवढं त्यांना कळत होतं.

त्यांच्या वस्तीच्या दवाखान्यात त्या सुमारास नव्या डॉक्टरबाई आल्या होत्या. आधीचे म्हातारे डॉक्टर कान दुखत असो की बोट कापलेलं असो, मान वर न करता सांगायचे, "वजन कमी करा." त्यांच्या वेळी वजनाचा काटा बाहेर बाकांसमोर होता, आणि सिस्टर तिथून आतल्या डॉक्टरांना आकडा ओरडून सांगायच्या. त्यामुळे अंगानं भरलेली माणसं ताप अंगावर काढायची, पण दवाखान्याची पायरी चढायची नाहीत. नव्या डॉक्टरबाईंनी आल्या आठवड्यात दोन गोष्टी केल्या. काटा आत पडद्यामागे नेला आणि बाहेर हात नसलेल्या चार रुंद खुर्च्या ठेवल्या. लोकांना वाटलं, फर्निचरची हौस आहे.

नवरा-बायको जोडीनं आत गेले. डॉक्टरबाईंनी डेपोचा कागद वाचला, रक्तदाब स्वतः पुन्हा मोजला, त्यासाठी दंडाला रुंद पट्टा मागवला, आणि मग विचारलं, "काका, वजनाबद्दल थोडं बोललं तर चालेल का तुम्हाला?"

असं विचारून कुणी बोलतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. तो गांगरला. "बोला की. पण ते वाढलेलं नाहीये."

पडद्यामागे सिस्टरनी वजन केलं आणि न बोलता कागदावर लिहिलं. एकशे चार.

"काटा बिघडलाय तुमचा," नवरा ठामपणे म्हणाला. "अहो, माझी कंबर बघा. चौतीस! लग्नात होती तेवढीच. कपडा खोटं बोलत नाही." आणि त्यानं कंबरपट्टी उलटी करून लाल दोऱ्याचा आकडा सगळ्यांना दाखवला. "हिनंच शिवलीय. विचारा हिला."

डॉक्टरबाईंनी टेलरबाईंकडे बघितलं. सिस्टरनी बघितलं. नवऱ्यानं तर मोठ्या अभिमानानं बघितलं.

"हो," टेलरबाई म्हणाल्या. "चौतीसच."

सिस्टर घरी थोडंफार शिवायच्या. त्यांची नजर पॅन्टच्या मागच्या शिवणीवर गेली. तिथं विटलेल्या निळ्या कापडात न विटलेल्या कापडाच्या दोन गडद रेघा उभ्या होत्या, आणि जुन्या टाक्यांची भोकं ओळीनं दिसत होती. सिस्टरना एकदम खोकला आला.

डॉक्टरबाईंनी कंबरेचा विषय तिथंच सोडला. दिवस कसा जातो, कुठं जेवता, झोप कशी लागते, एवढंच विचारत बसल्या. गोळ्या लिहून दिल्या, दोन आठवड्यांनी बोलावलं. परत येताना नवरा वाटभर म्हणत होता, "तो काटा त्यांनी आधी दुरुस्त करून घ्यायला हवा." चार दिवसांनी टेलरबाईंना गोळ्यांची पाकिटं रेडिओमागे तशीच्या तशी सापडली.

दुसऱ्या दिवशी त्या सिस्टरचा एप्रन दुरुस्त करून द्यायचं निमित्त काढून एकट्याच दवाखान्यात गेल्या आणि डॉक्टरबाईंसमोर बसून भडाभडा सगळं सांगून मोकळ्या झाल्या. छत्तीस, अडतीस, चार बोटं माया, दुपारची उसवाउसवी, सगळं.

डॉक्टरबाईंनी आधी ओठ घट्ट मिटून धरले. मग त्यांना हसू आवरेना. "काकू, माफ करा. पण इतकं सफाईदार काम मी पाहिलं नाही हो!"

"हसा तुम्ही. माझी पाचावर धारण बसलीय."

"मग ऐका." डॉक्टरबाई गंभीर झाल्या. "साखरेचा जसा आजार असतो तसाच वजनाचाही. तो काही आळशीपणाबद्दल मिळालेली शिक्षा नव्हे. काकांना लाज वाटू नये म्हणून तुम्ही हे केलंत, आणि लाज कुणालाच वाटू नये हे मलाही पटतं. पण दुखणं आहे हेच ज्याला माहीत नाही तो औषध कशाला घेईल?"

"तुम्हीच सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील."

"माझ्या काट्याचंच ऐकलं नाही, माझं काय ऐकतील? त्यांचा विश्वास तुमच्यावर आहे."

सुट्टीच्या दिवशी सकाळी नवरा चहा पीत बसला होता. टेलरबाईंनी त्याची पॅन्ट आणली, त्याच्यासमोर मांडीवर घेतली आणि पात्यानं ती पांढरी फीत उसवून काढली. मग शिवण उलटी केली. "ही गेल्या पावसाळ्यातली," पहिल्या रेघेवर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "ही लेकीच्या परीक्षेच्या वेळची. पॅन्ट मुळातच बेचाळीसची शिवली होती. चौतीस नाहीये हो. केव्हाच नाहीये."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो उठून बाहेर गेला आणि पुढचे दोन दिवस बायकोशी अबोला धरून बसला.

"आई, तिला सांग मीठ दे."

"समोर बसलीय ती," सासूबाई म्हणाल्या. "माझं टपालखातं कशाला करतोस?"

तिसऱ्या दिवशी जेवताना त्यानं ताटातून मान वर न करता विचारलं, "किती?"

"काय किती?"

"खरी किती?"

"चव्वेचाळीस."

"इंच?"

"नाही, फूट."

मग सासूबाईंना जे हसू फुटलं ते ठसका लागेपर्यंत थांबेना. नवरा बायकोकडे बघत राहिला. "दहा इंच लपवलेस तू! घरातल्या घरात, माझ्याच अंगावर! हेरखात्यात जायला हवं होतंस." आणि तोही हसला. पण हसताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं टेलरबाईंनी बघितलं. त्या उठल्या, रेडिओमागची पाकिटं आणली आणि त्याच्या पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवली. त्यानं मुकाट्यानं गोळी घेतली.

पुढच्या खेपेला तो डॉक्टरबाईंसमोर बाह्या सरसावूनच बसला. "बोला, किती उतरवायचं? वीस? तीस?"

"पाच," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"पाच?" त्याला अपमान वाटला. "मी काय लहान मूल आहे? महिन्यात वीस उतरवून दाखवतो."

"पाच किलोनंसुद्धा साखर आणि रक्तदाब दोन्ही ऐकायला लागतात, काका. आणि उपाशी राहायचं नाही. तुम्ही गोळ्या घेताय, गाडी चालवता."

पण ऐकेल तो ड्रायव्हर कसला! चार दिवस काकडी आणि पाण्यावर काढले. पाचव्या दिवशी डेपोत एका सहकाऱ्याचा निरोपसमारंभ होता, आणि तिथं आलेल्या केकपैकी अर्धा एकट्यानं संपवून तो घरी आला. चेहरा असा, जणू गाडी खांबावर घालून आलाय. दवाखान्यात जायलाच तयार नव्हता. टेलरबाईंनी जवळजवळ ओढतच नेलं.

"आता बोलणी खायची," तो रुंद खुर्चीत बसून पुटपुटला.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "केक कसा होता?"

"अं? चांगला होता."

"मग झालं. चार दिवस उपाशी माणूस दुसरं काय करणार? आता असं करू, एका वेळी एकच गोष्ट. तुम्ही म्हणाला होता, प्रत्येक शेवटच्या थांब्यावर चहा घेता. दिवसाला किती होतात?"

"नऊ."

"साखर?"

"तीन चमचे." तो मनाशी गुणाकार करू लागला आणि मध्येच थांबला. "बापरे!"

पहिल्या पंधरवड्यात नुसती चहातली साखर गेली, आणि चहाही नवाचे चार झाले. त्याच्या पुढच्या पंधरवड्यात शेवटच्या थांब्यावर सात मिनिटं गाडी उभी असते, तेव्हा सीटवर डुलक्या काढण्याऐवजी थांब्याला वेढे घालायचे ठरले. कंडक्टर ओरडायचा, "दादा, चाक पंक्चर आहे का बघताय?" घरी अर्धं ताट भाजीनं भरायचं ठरलं. सगळ्यांत अवघड काम सासूबाईंकडे आलं. मुलानं 'पुरे' म्हटलं की पुन्हा वाढायचं नाही. पहिले काही दिवस त्या भाताचा डाव हातात धरून नुसत्या उसासे टाकत बसायच्या. एकशे चारचे एकशे एक झाले. नवरा शीळ घालत घरी आला.

आणि मग काटा अडला. तीन आठवडे एकशे एक म्हणजे एकशे एकच. डॉक्टरबाईंनी समजावलं की असं होतंच, शरीर मध्येच हट्टाला पेटतं, सोडू नका. पण तो खचला. फेरतपासणीला पाच आठवडे उरले होते. त्यात एका सकाळी पॅन्ट चढवताना त्याच्या लक्षात आलं की ती कंबरेत सैल होतेय. बकल ओढलं तर आणखी एक भोक पुढं गेलं.

टेलरबाईंना आनंद झाला. "बघितलंत? काट्याचं काय घेऊन बसलात? कंबर उतरतेय की!"

तो वळला. "पुन्हा उसवलीस ना?"

"काय?"

"माझं मन राखायला पुन्हा उसवलीस. खरं सांग."

"अहो, हात नाही लावला मी तिला. शपथ."

"चौतीस म्हणतानासुद्धा असाच चेहरा होता तुझा." आणि डबा न घेताच तो निघून गेला. संध्याकाळी कळलं, त्यानं थांब्याचे वेढेही घातले नव्हते. काय उपयोग, म्हणाला. छत्र्याच मोजायच्या आहेत.

टेलरबाई मशीनपाशी बसून राहिल्या. बावीस वर्षांत त्यांच्या शब्दावर त्यानं कधी शंका घेतली नव्हती, आणि आता खरं बोलावं तर तेच खोटं ठरत होतं. दोष कुणाला द्यायचा? दोराही आपलाच, सुईही आपलीच. त्या रात्रभर तळमळल्या आणि सकाळी पदर खोचून नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"चला. बाजारातल्या मास्तरांकडे."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. बाजारातले शिंपी मास्तर म्हणजे टेलरबाईंचे हाडवैरी. "बायकांनी झबली शिवावीत, पॅन्ट शिवू नये," असं ते पंचवीस वर्षांपूर्वी चारचौघांत बोलले होते, आणि तेव्हापासून टेलरबाई त्यांच्या दुकानावरून जायचं टाळण्यासाठी अख्ख्या बाजाराला वळसा घालत.

"त्यांच्याकडे? तू?"

"माझ्या टेपवर विश्वास नाही ना तुमचा? मग ज्याला माझं तोंड बघवत नाही त्याच्या टेपवर तरी बसेल. तो माझ्यासाठी खोटं बोलणार नाही."

मास्तर चष्मा कपाळावर चढवून बघतच राहिले. टेलरबाईंनी मान ताठ ठेवून पिशवीतली निळी पॅन्ट पुढं केली. "यांच्या कंबरेचं माप घ्या. मोठ्यांदा सांगा. आणि ही पॅन्ट मागून कधी उसवलीय तेही सांगा."

मास्तरांनी माप घेतलं. एकदा घेतलं, पुन्हा घेतलं. टेलरबाई रस्त्याकडे बघत उभ्या होत्या.

"बेचाळीस," मास्तर म्हणाले. "धागाभर कमीच."

"चव्वेचाळीस होती," नवरा हळूच म्हणाला.

"असेल. आता नाही." मास्तरांनी पॅन्टची मागची बाजू उजेडात धरली, शिवणीवरून नख फिरवलं. "दोनदा उसवलीय. पण दोन्ही जुन्या. धुवून धुवून टाके कापडात बसलेत. अलीकडे कुणी हात लावलेला नाही." मग ते टेलरबाईंकडे न बघता म्हणाले, "जोड कुठं दिला ते मलासुद्धा शोधावं लागलं. हात चांगला आहे."

दुकानातून बाहेर पडल्यावर नवरा बाजाराच्या टोकापर्यंत तिच्या मागून चालत राहिला. मग म्हणाला, "पंचवीस वर्षांनी त्याच्या दारात गेलीस."

"पाय दुखायला लागले होते वळसा घालून."

तो हसला आणि त्यानं तिच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली. त्या दिवशी दुपारी थांब्याला वेढे घालताना कंडक्टरला त्याला दोनदा हाक मारावी लागली म्हणे. दोन आठवड्यांनी काटाही हलला.

फेरतपासणीच्या सकाळी टेलरबाई त्याच्याबरोबर डेपोत गेल्या. डेपोच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर लांबलचक बाक होता आणि त्यावर सात-आठ ड्रायव्हर पोटं आत ओढून श्वास रोखून बसले होते. नवरा आत गेला. दार नीट लागत नसे, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येई.

"वजन?" आतून डॉक्टरांचा आवाज आला.

"अठ्ठ्याण्णव," नवऱ्यानं सांगितलं. खणखणीत, जसं थांब्याचं नाव पुकारावं तसं. "कंबर एक्केचाळीस. पूर्वी चव्वेचाळीस होती."

शेजारचा मिशीवाला ड्रायव्हर टेलरबाईंकडे झुकला. "वहिनी, माझी पॅन्टसुद्धा तुम्हीच शिवलीय ना? आत छत्तीस लिहिलंय. ते... खरं आहे ना?"

"मी शिवली तेव्हा अगदी खरं होतं."

"आणि आता?"

टेलरबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत शिंप्याच्या नजरेनं बघितलं. "त्यानंतर मी तिला हात लावलेला नाही. पण गेल्या वर्षी तुमची बायको आली होती माझ्याकडे. शिवण कशी उसवायची ते विचारायला."

मिशीवाला उडालाच. पलीकडच्या दोघांनी नकळत आपापली कंबरपट्टी चाचपली.

"घाबरता काय? आमच्या वस्तीच्या दवाखान्यात जा," टेलरबाई म्हणाल्या. "तिथं काटा पडद्यामागे आहे. आणि आधी विचारून मग बोलतात."

तेवढ्यात दार उघडलं. नवरा हातात कागद घेऊन उभा होता. साखर पुष्कळ उतरली होती, रक्तदाब गोळ्यांनी ताब्यात आला होता. गोळ्या चालूच ठेवायच्या, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि तोवर गाडी त्याचीच. त्यानं कागद बायकोच्या हातात दिला, पण तिला अक्षरं दिसेनात. मग त्यानंच वाचून दाखवला. दोनदा. दुसऱ्यांदा बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"चल," तो टोपी घालत म्हणाला. "साडेअकराची गाडी माझी आहे. घरापाशी सोडतो तुला."

गाडीत अजून कुणी नव्हतं. टेलरबाई ड्रायव्हरच्या अगदी मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

"तिथं कशाला? लोक म्हणतील, बायको पाळत ठेवते."

"ठेवतेच."

कंडक्टरनं घंटा मारली. त्यानं आरशात एकदा मागं बघितलं, चाक हातात घेतलं आणि गाडी डेपोच्या फाटकातून एका झटक्यात बाहेर वळवली.